पावती हवी आहे का?

एटीएमच्या रांगेत पुढे असलेल्या माणसाने पैसे काढले. यंत्राने पडद्यावर विचारलं, पावती हवी आहे का? त्याने 'हो'वर बोट टेकवलं. आत थोडी घरघर झाली आणि गुळगुळीत, किंचित कोमट कागदाची चिठ्ठी फटीतून जीभ दाखवल्यासारखी बाहेर आली. त्याने ती ओढली, छापील बाजू तळहाताकडे वळवून मुठीत चुरगळली आणि खालच्या डब्यात टाकून दिली. एवढ्या वेळात त्याची नजर एकदाही त्या कागदावर गेली नाही. नोटा मात्र त्याने दोनदा मोजल्या. सगळा मामला दहा-बारा सेकंदांचा. पावती नको असणं समजू शकतं. मागून घेऊन वाचणं तर रीतसरच. पण मागायची आणि बघायची नाही, हे काय होतं?

त्या चुरगळण्यात काहीतरी फार ओळखीचं होतं. बँकेचा संदेश मोबाइलवर येतो आणि शेवटच्या ओळीतली शिल्लक दिसायच्या आत अंगठा तो बाजूला सारतो. क्रेडिट कार्डचं बिल उघडलं जातं, पण नजर दोनच ठिकाणी टेकते: भरायची शेवटची तारीख आणि किमान देय रक्कम. मधला सगळा मजकूर, म्हणजे महिनाभराचं आपलंच चरित्र, न वाचता राहतो. पोटात बारीकसा गोळा येतो, 'बघू निवांत' असं मनाशी म्हटलं जातं आणि तो निवांतपणा काही उगवत नाही. हे करणारी माणसं बेफिकीर नसतात, ही यातली गंमत. बेफिकीर माणूस पावती मागतच नाही. पावती मागून चुरगळणारा माणूस काळजीत असतो. फक्त काळजी आणि आकडा यांची गाठ पडू नये एवढीच त्याची खटपट असते.

अर्थशास्त्रज्ञांनी या सवयीला शहामृगाचं नाव दिलं आहे. कार्लसन, लोवेनस्टीन आणि सेप्पी या तिघांनी २००९ साली गुंतवणूकदारांच्या नोंदींवरून दाखवलं, की बाजार चढत असला की लोक आपलं खातं पुन्हापुन्हा उघडून बघतात आणि उतरू लागला की बघणं कमी करतात. बिचाऱ्या शहामृगावर मात्र यात अन्याय आहे. तो वाळूत डोकं खुपसत नाही. जमिनीतल्या खळग्यात घातलेली अंडी चोचीने फिरवायला मान खाली घालतो. म्हणजे ज्याला आपण तोंड लपवणारा म्हणून हसतो, तो खरं तर आपली ठेव तपासत असतो.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण सगळेच ऐकत आलो. ऐकवणाऱ्याचा सूर बहुतेकदा पाय आखडण्याचा असतो: कमी खर्च कर, हौस आवर. ऐकणाऱ्यालाही तेवढंच ऐकू येतं आणि म्हणूनच पैशांबद्दलचा उपदेश सुरू झाला की माणसं कंटाळतात. पण त्या म्हणीत पहिलं क्रियापद 'पाहून' आहे. अंथरूण केवढं आहे हे पाहिल्यावर कदाचित पाय अजून थोडे पसरता येतील असंही निघू शकतं. न पाहता मात्र दोनच गोष्टी होतात. एक तर पाय गारठतात, नाहीतर अंथरूण पुरेसं लांब असूनही माणूस जन्मभर मुटकुळं करून निजतो.

पाहायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र म्हण सांगत नाही.

आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवावी आणि पंधरा मिनिटं द्यावीत, त्याहून जास्त नाही. तीन आकडे लिहायचे: या आठवड्यात आले किती, गेले किती आणि आज सगळ्या खात्यांत मिळून आहेत किती. वही, मोबाइल, कोष्टक, काहीही चालेल. पण हाताने लिहिलेला आकडा थोडा अधिक बोलतो. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही तयार केली, 'काकेइबो' नावाची. तशी वही तिथे अजूनही हाताने लिहिली जाते, ती काही यंत्रं मिळत नाहीत म्हणून नव्हे. लिहिताना हात क्षणभर थबकतो आणि त्या थबकण्यातच बघणं घडून जातं. खर्चाची खाती सहा-सातच असावीत: घर, किराणा, प्रवास, औषधपाणी, शिक्षण, हौस आणि किरकोळ. वीस-पंचवीस खाती पाडणाऱ्याचा उत्साह सहसा तिसऱ्या आठवड्यात मावळतो, कारण प्रत्येक खर्च कुठल्या खान्यात घालायचा याचाच वाद स्वतःशी सुरू होतो. उलट खाती फार कमी असली की 'किरकोळ' फुगतं. किरकोळ हे सगळ्या वहीतलं सर्वांत लबाड खातं. ज्या खर्चाचं नाव घ्यायला संकोच वाटतो, तो तिथे जाऊन बसतो. एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शाहून ते मोठं झालं की एकदा ते फोडून, आत काय दडलंय ते पाहावं आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या गोष्टीला स्वतंत्र खातं द्यावं.

पहिला महिना फक्त लिहावं, काटछाट करू नये. हे वाचायला सोपं असलं तरी पाळायला अवघड आहे. ज्या दिवशी वही उघडली त्याच दिवशी काटकसरीचा पण केला, तर माणूस वहीशीच खोटं बोलू लागतो. मोठा खर्च झाला की तो 'उद्या लिहू' म्हणून राहतो आणि चार दिवसांनी वहीच राहते. मधले दिवस चुकलेच तर आठवून आठवून भरत बसू नये. शेवटच्या नोंदीची शिल्लक घ्यायची, त्यात मधे जमा झालेलं मिळवायचं, आजची शिल्लक वजा करायची आणि जो फरक उरेल तो 'विसरलेलं' असं लिहून पुढे जायचं. व्हेनिसमध्ये १४९४ साली छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात लुका पाचोली याने तिथल्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत लिहून ठेवली. पद्धत त्याने शोधलेली नव्हती, व्यापारी ती आधीपासूनच वापरत होते. पण त्यातली मेख अजून उपयोगी आहे: प्रत्येक रकमेला दोन टोकं असतात, कुठून निघाली आणि कुठे पोचली. एक टोक हरवलं तरी दुसरं सापडतंच. 'पैसे कुठे गेले कळतच नाही' हे वाक्य म्हणूनच कधीच पूर्ण खरं नसतं.

वही चार महिने टिकली की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. रोजच्या खर्चाने घाण्याला जुंपलेली माणसं प्रत्यक्षात बुडतात ती वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी. विम्याचा हप्ता, शाळेची फी, वाहनाची दुरुस्ती, एखादा कर, प्रवास. हे खर्च आले की 'या महिन्यात जरा अचानक...' असं सांगितलं जातं. अचानक कसलं? गेल्या वर्षीही ते याच सुमारास आले होते. उपाय अगदी बाळबोध आहे. गेल्या बारा महिन्यांचं खातेपुस्तक काढायचं, दरमहा न येणारे पण ठरलेले सगळे खर्च एका कागदावर लिहायचे, बेरजेला बाराने भागायचं आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायची. महिन्याची मिळकत १०० धरली आणि असे खर्च वर्षाचे ९६ निघाले, तर दरमहा ८ बाजूला. म्हणजे ज्याला वाटत होतं आपण ९५ खर्च करतो आणि ५ वाचवतो, तो वस्तुतः १०३ खर्च करत होता. वरचे तीन दर महिन्याला कुणाकडून तरी उसने येत होते, बहुधा कार्डाकडून. हा कागद पहिल्यांदा करताना चेहरे उतरतात. दुसऱ्या वर्षी मात्र विम्याचं पत्र आलं की माणूस शीळ घालत पैसे भरतो.

आता कार्डाविषयी. प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली होती. काहींनी रोख द्यायचे होते, काहींनी कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाल्या. माणसं तशीच आणि तिकिटंही तीच. रोख देताना नोटेचा स्पर्श होतो, पाकीट हलकं झालेलं कळतं. कार्ड जसंच्या तसं परत खिशात येतं, म्हणून काही गेलं असं हाताला वाटतच नाही. यावर कार्ड कात्रीने कापण्याचा सल्ला देणारे लोक आहेत. तो मला नाटकी वाटतो. त्याहून खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाकणं अधिक कामाचं. सोळा आकडे दर वेळी टाकावे लागले की निम्म्या वस्तू टोपलीतच राहतात. मोठ्या वस्तूचं नाव आणि तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहून तीस दिवस थांबावं. तीस दिवसांनीही ती हवी वाटली, तर निःशंक घ्यावी. त्या यादीत खोडल्या गेलेल्या गोष्टी नंतर वाचायला मोठी मौज येते. आपणच ना हे, असं वाटतं.

किमान देय रक्कम हा मात्र मौजेचा विषय नाही. ती ओळ बिलावर ठळक असते आणि तिच्यात एक सौजन्य असतं, 'एवढे तरी द्या' असं. हिशेब करून बघू. बाकी १०० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात व्याज धरून बाकी १०३ होते, तिच्या ५ टक्के म्हणजे ५.१५ भरले. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी. असं इमानदारीने वर्षभर भरलं, नवी खरेदी एकही केली नाही, तर बारा महिन्यांत सुमारे ५५ भरून होतात आणि बाकी उरते ७७. पंचावन्नातले बत्तीस व्याजात गेले. बाकी निम्मी व्हायलाच ३२ महिने लागतात. आता एकच बदल करा: पहिल्या महिन्यात भरलेले ५.१५ दर महिन्याला तितकेच भरत राहा, बिलावरची किमान रक्कम घटली तरी. सगळं कर्ज ३० महिन्यांत संपतं. सुरुवातीचा भार तोच आणि जास्तीचा त्यागही काही नाही; फक्त घसरत्या आकड्याच्या मागे घसरायचं नाकारलं. कर्जं अनेक असतील तर सगळ्यांचे किमान हप्ते भरून उरलेली रक्कम सर्वांत चढ्या दराच्या कर्जावर टाकणं गणिताने बरोबर. सर्वांत छोटं कर्ज आधी फेडण्यात समाधान असतं आणि त्यालाही किंमत आहे, पण दरांत मोठी तफावत असताना ते समाधान महाग पडतं. दर जवळजवळ सारखे असतील तर खुशाल छोटं आधी संपवावं.

पाचोलीच्या त्याच ग्रंथात ७२चा नियमही आहे: ७२ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण कळतात. ८ टक्क्यांनी ९ वर्षं. कार्डाच्या ३६ टक्क्यांनी दोनच. आणि महागाई ६ टक्के असेल तर गादीखाली ठेवलेल्या पैशांची खरेदीची ताकद बारा वर्षांत निम्मी. हे शेवटचं, जे 'मी कुठे काय करतो, पैसे आहेत तसेच ठेवतो' म्हणून निश्चिंत असतात, त्यांच्यासाठी. न बघणं खर्च करणाऱ्यांचीच मक्तेदारी नाही.

बघायचं आठवड्याला, पण ठरवायचं मात्र शक्य तितकं कमी. यात विसंगती वाटेल, पण नाही. दर महिन्याला 'या वेळी किती वाचवू?' असा प्रश्न पडला की उत्तर त्या दिवसाच्या मनःस्थितीवर जातं. अमेरिकेतल्या एका कंपनीत निवृत्तीच्या बचतीत नाव घालण्यासाठी नव्या नोकरदारांना आधी अर्ज करावा लागे. पुढे नाव आपोआप घातलं जाऊ लागलं आणि नको असेल त्याने अर्ज करायचा असं ठरलं. मॅड्रियन आणि शे यांनी २००१ साली मांडलेले आकडे असे: सहभाग ४९ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेला. थेलर आणि बेनार्त्झी यांनी पुढची पायरी गाठली. आजच्या पगारातून काही नको, पुढची पगारवाढ झाली की तिचा काही भाग बचतीत वळवू, एवढंच दुसऱ्या एका कंपनीतल्या कामगारांकडून कबूल करून घेतलं. चाळीस महिन्यांत त्या कामगारांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर पोचली. हातातलं जाताना जेवढं दुखतं तेवढं अजून हातात न आलेलं जाताना दुखत नाही, यावर ती सगळी योजना उभी होती.

घरच्या घरी हे करताना दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली तारखेची. बचतीचा आपोआप जाणारा हप्ता पगाराच्याच दिवशी लावला आणि पगार एक दिवस उशिरा झाला, की हप्ता परत जातो आणि वर दंड बसतो. दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवावं. दुसरी ठेच उत्साहाची. पहिल्याच महिन्यात मिळकतीचा तिसरा हिस्सा बाजूला टाकायचा आणि वीस तारखेला त्यातूनच काढायचे. असं दोनदा झालं की माणूस निष्कर्ष काढतो की बचत आपल्या स्वभावात नाही. स्वभावाचा संबंध नसतो, आकडा चुकलेला असतो. १०० मधल्या ५ ने सुरुवात करावी आणि तीन महिन्यांनी एकेक वाढवावा; लागोपाठ दोन महिने मोडावं लागलं तर एक पाऊल मागे यावं.

अडीअडचणीच्या पैशांबद्दल सगळे सांगतात, तीन ते सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतके असावेत. मिळकत अनियमित असेल तर नऊ ते बारा. आकडा बरोबरच आहे, पण सुरुवात करणाऱ्याला तो डोंगराएवढा दिसतो. त्याने एका महिन्याचं लक्ष्य धरावं. पहिल्या महिन्याएवढे साठले की झोपेत फरक पडतो. हे पैसे रोजच्या खात्यात ठेवले तर ते रोजचेच होतात. शेअरमध्ये ठेवले तर आणखी वाईट, कारण बाजार कोसळणं आणि नोकरी जाणं या गोष्टी पुष्कळदा एकाच ऋतूत येतात. वेगळं खातं, त्याला कार्ड जोडलेलं नाही, पैसे एक-दोन दिवसांत हाती येतील, एवढं पुरे. तिथे व्याज किती मिळतं याची फार चिकित्सा करू नये. हा साठा झाला, महागडं कर्ज फिटलं, आपल्यावर कुणी अवलंबून असेल तर साधा मुदतीचा विमा आणि आजारपणाचा विमा घेतला, की मग दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचं बोलावं. बहुतेक गप्पा मात्र तिथूनच सुरू होतात.

एक गोष्ट इथे बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. हे सगळं, मिळकत आणि गरज यांत निदान बोटभर फट आहे असं धरून चाललं आहे. ती नसते तेव्हा काय होतं, हे तमिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवरच्या एका अभ्यासात दिसलं. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी कापणीआधी, पैशांच्या ओढाताणीत असताना, विचारशक्तीच्या चाचण्यांत कमी पडला आणि कापणीनंतर, हाती पैसे असताना, त्याच चाचण्यांत बरा ठरला. चणचण डोक्यातली जागा व्यापते. तिथे कुणाला वही लिही म्हणून सांगणं उद्धटपणाचं आहे. पावती चुरगळणारा तो माणूस कुठल्या बाजूचा होता, हे त्याच्या पाठीवरून कसं कळणार?

शिवाय बघण्याचाही एक आजार असतो. दिवसातून आठ वेळा खातं उघडणारे, हप्त्याच्या दिवशी सकाळपासून अस्वस्थ असणारे, भेटवस्तूच्या वेष्टनावरून किमतीचा अंदाज बांधणारे. त्यांची वही चोख असते, फक्त त्यातलं 'हौस' हे खातं वर्षानुवर्षं कोरं असतं. त्यांना वाटतं आपण पैसा नीट सांभाळतो. कोऱ्या खात्याकडे त्यांनी एकदा बघावं. ज्या घरात दोघं कमावतात तिथे तर पुष्कळदा एक बघणारा आणि एक न बघणारा अशी जोडी जमते आणि आकड्यांवरून सुरू झालेलं भांडण आकड्यांबद्दल राहतच नाही. मिळकतीच्या प्रमाणात सामायिक खर्च वाटून घेतला, म्हणजे एकाची ६० आणि दुसऱ्याची ४० असेल तर घरखर्चही त्याच प्रमाणात, आणि प्रत्येकाकडे थोडी रक्कम अशी ठेवली की जिचा जाब कुणी कुणाला विचारायचा नाही, तर बराच धूर कमी होतो. ती जाब न विचारायची रक्कम सारखीच असावी, मिळकतीच्या प्रमाणात नको. हे माझं मत.

एटीएमच्या त्या डब्यात त्या दिवशी पावत्यांचा ढीग होता. बहुतेक चुरगळून केलेल्या घट्ट गोळ्या, पाच-सहा सरळ, घडीसुद्धा न घातलेल्या. आणि एक होती ती फाडलेली, नखाएवढे बारीक तुकडे करून. ती ज्याने कुणी फाडली, त्याने ती नक्की वाचली होती. त्या कागदावरची अक्षरं शाईची नसतात, उष्णतेने उमटवलेली असतात. उजेडात राहिली की काही महिन्यांत आपोआप पुसट होतात. एवढं फाडायची गरज नव्हती. मागे रांग थोडी पुढे सरकली आणि यंत्राने पुढच्या माणसाला विचारलं, पावती हवी आहे का?